शाळेची ऐतिहासिक सहल आणि भाड्याची बस: सहलप्रमुखांचे नेहमीचे प्रश्न

दिवाळीची सुट्टी संपली की माझा फोन वाजायला लागतो. "बाई, यंदा सहल माझ्या गळ्यात पडलीये, काय काय बघायचं ते सांगा." मी इतिहास शिकवते आणि गेली बरीच वर्षं आमच्या शाळेची सहलप्रमुख आहे. प्रश्न दर वर्षी तेच येतात, म्हणून एकदाच बसून उत्तरं लिहून काढली. महाराष्ट्रातले किल्ले, लेणी आणि संग्रहालयं इथे बस करून मुलांना न्यायचं असेल, तर हे तुमच्यासाठी आहे. वॉटर पार्कवाल्यांनी इथूनच मागे फिरलं तरी चालेल.

एका दिवसात किती ठिकाणं ठेवावीत?

एक. फार तर दीड.

सहलीच्या पत्रकावर सात ठिकाणं दिसली की पालकांना पैसे वसूल झाल्यासारखं वाटतं, हे मला मान्य आहे. पण जरा हिशेब करा. ४५ मुलं बसमधून उतरायला दहा मिनिटं, स्वच्छतागृहाची रांग अर्धा तास, तिकीट आणि मोजणी पंधरा मिनिटं, परत चढताना पुन्हा मोजणी. म्हणजे काही न बघताच दर थांब्याला तासभर जातो. सात थांबे म्हणजे सात तास. अशा सहलीत मुलं सात पार्किंग बघून येतात.

दीड म्हणजे एक मुख्य ठिकाण आणि त्याला चिकटून येणारं एक छोटं. रायगड आणि पायथ्याच्या पाचाडला जिजाऊंची समाधी. शिवनेरी आणि जमलं तर नाणेघाट. वेरूळ करायचं तर देवगिरीचा फक्त खालचा भाग, किंवा देवगिरी पूर्ण चढायचा तर वेरूळची फक्त तीन लेणी. दोन्ही पूर्ण करतो म्हणणाऱ्यांनी दुपारी तीन वाजता देवगिरीच्या पायऱ्यांवर बसलेली मुलं एकदा बघावीत.

ठिकाण कसं ठरवायचं?

पाठ्यपुस्तक उघडून. चौथीला शिवछत्रपती आहेत, तर शिवनेरी. सहावीला प्राचीन भारत आहे, तर लेणी. सातवीला मध्ययुग, म्हणजे किल्ले. आठवीला आधुनिक भारत, तर पुण्याचा आगाखान पॅलेस. तिथे १९४२ च्या ऑगस्टपासून गांधीजी स्थानबद्ध होते. महादेवभाई देसाई आणि कस्तुरबा, दोघांचा मृत्यू तिथेच झाला, दोघांच्या समाध्याही तिथेच आहेत. 'चले जाव'चा धडा फळ्यावर कितीही चांगला शिकवला, तरी त्या दोन समाध्यांसमोर वर्ग जसा आपणहून गप्प होतो तसा शाळेत होत नाही.

पाचवी ते दहावी सगळ्यांची एकच सहल काढायची पद्धत अनेक शाळांत आहे. माझा तिला विरोध आहे. पाचवीतलं पोर आणि दहावीतला मुलगा एकाच चालीने गड चढत नाहीत, आणि दोघांना एकच गोष्ट सांगून भागतही नाही.

सध्या किल्ल्यांकडे ओढा जास्त आहे. जुलै २०२५ मध्ये मराठा काळातले १२ किल्ले जागतिक वारशाच्या यादीत आले. त्यांतले ११ महाराष्ट्रातले, बारावा तमिळनाडूतला जिंजी. मुलांना ही यादी पाठ करायला लावण्यापेक्षा "जिंजी इतक्या लांब असून यादीत का?" हा प्रश्न बसमध्ये सोडून द्या. जिंजीहून राज्य चालवणाऱ्या राजाराम महाराजांपर्यंत ती आपोआप पोचतात.

बंद असण्याचे वार कसे सांभाळायचे?

हे आधी बघा, बस नंतर. अजिंठा सोमवारी बंद असतं, वेरूळ मंगळवारी. म्हणजे दोन दिवसांच्या सहलीत सोमवारी वेरूळ आणि मंगळवारी अजिंठा केलंत तर दोन्ही बघून होतं, उलट केलंत तर दोन्हीकडे कुलूप. हे गंमत म्हणून लिहिलेलं नाही. अजिंठ्याजवळच्या फर्दापूरच्या फाट्यावर सोमवारी सकाळी उभी असलेली सहलीची बस मी स्वतः पाहिली आहे.

घारापुरी सोमवारी बंद. भायखळ्याचं भाऊ दाजी लाड संग्रहालय बुधवारी. पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांजवळ जी छोटी संग्रहालयं असतात ती बहुधा शुक्रवारी बंद असतात, स्मारक मात्र उघडं असतं. दुरुस्तीसाठी एखादं दालन मिटलेलं असतं ते कुठल्याच पाटीवर नसतं. आठवडाभर आधी फोन करा.

एसटी घ्यावी की खासगी बस?

आधी एसटी विचारा. आगारात जाऊन 'प्रासंगिक करारा'वर, म्हणजे आख्खी गाडी भाड्याने, मागायची, शैक्षणिक सहल म्हटल्यावर भाड्यात ५० टक्के सवलत मिळते. शाळेचं पत्र, मुलांची यादी, मार्ग आणि तारखा लागतात. चालक पगारी, गाडीचे कागद महामंडळाचे, वाटेत गाडी बिघडली तर जवळच्या आगारातून मदत. सहलप्रमुखाच्या डोक्यावरचं निम्मं ओझं इथेच उतरतं.

अडचण एकच. डिसेंबर-जानेवारीत सगळ्या शाळांना त्याच तारखा हव्या असतात आणि आगाराला रोजच्या फेऱ्याही चालवायच्या असतात. म्हणून मी दिवाळीच्या आधीच अर्ज देऊन ठेवते आणि शक्यतो आठवड्याच्या मधले वार मागते. शनिवार-रविवारी गडावर तुमच्या मुलांना बघायला जागाच नसते, हा त्यातला दुसरा फायदा.

खासगी बस घ्यायचीच वेळ आली तर पुढची तीन उत्तरं नीट वाचा.

खासगी बसवाल्याशी भाडं ठरवताना काय विचारायचं?

"किती घेणार?" हा शेवटचा प्रश्न. आधी विचारायचं ते असं: किलोमीटर कुठून मोजणार, शाळेच्या फाटकापासून की तुमच्या गॅरेजपासून? दिवसाला किमान किती किलोमीटर धरता? टोल, पार्किंग, चालकाचा भत्ता यात आहे की वेगळा? मुक्काम असेल तर हॉल्टिंगचं, म्हणजे गाडी रात्री थांबवून ठेवण्याच्या पैशांचं काय? आणि सगळ्यात महत्त्वाचं, ठरलेली गाडी ऐन वेळी बिघडली तर कुठली देणार?

शेवटच्या प्रश्नावर समोरचा "काळजी करू नका बाई, आपली घरचीच गाडी आहे" असं म्हणाला, तर काळजी करा. आपल्याकडे एक बुकिंग घेऊन गाडी दुसऱ्याची लावायची चाल सर्रास आहे. म्हणून गाडीचा नंबर करारात लिहून घ्यावा. तोंडी ठरलेलं पहाटे पाच वाजता कोणाच्या लक्षात नसतं.

गाडीत जितक्या सीट तितकी माणसं, शिक्षक धरून. तीन लहान मुलं दोन सीटवर, मधल्या वाटेत प्लास्टिकची स्टुलं, हे प्रकार ज्यांनी सुचवले त्यांच्याशी बोलणं तिथेच थांबवावं. ४९ आसनी गाडीत ४४ मुलं आणि ५ मोठी माणसं, झालं. ५२ मुलं असतील तर दुसरी छोटी गाडी.

गाडी तपासायची म्हणजे काय? आम्हाला गाड्यांतलं काही कळत नाही.

कळायला लागत नाही. गाडीचा नंबर एम-परिवहन अ‍ॅपवर टाका. योग्यता प्रमाणपत्र म्हणजे फिटनेस, विमा, पीयूसी यांच्या मुदती समोर दिसतात. आठ वर्षांपेक्षा जुन्या गाडीला फिटनेस दर वर्षी करून घ्यावा लागतो, तेवढी तारीख बघा. परमिट कंत्राटी प्रवासी वाहनाचं हवं. चालकाचा परवाना प्रवासी वाहनाचा आहे ना, याची छायाप्रत घ्या.

मग गाडी आदल्या संध्याकाळी शाळेच्या आवारात बोलवा. हा माझा हट्ट असतो आणि यावरून दर वर्षी वाद होतो. टायर गुळगुळीत झालेत का ते डोळ्यांनी दिसतं. अग्निशामक नळकांड्यावर तारीख असते. पण मी सगळ्यात आधी जाते ती मागच्या आपत्कालीन दाराकडे, आणि ते उघडायला लावते. एका वर्षी ते उघडेना. क्लीनरने खांदा लावला, चालकाने लाथ घातली, शेवटी कळलं की आतून एक जादा सीट बसवली होती आणि तिचा पाय कडीवर आला होता. मालक फोनवर म्हणाला, "बाई, इतकी वर्षं गाडी चालते, त्या दाराची कधी गरजच लागली नाही." ती गाडी परत पाठवली.

आता निघण्याआधी ते दार दोन मोठ्या मुलांकडून उघडून घेते. खिडकीची काच फोडायची हातोडी कुठे आहे तेही सगळ्यांना दाखवते. चार मिनिटं जातात.

चालकाबद्दल काय बघायचं?

तो झोपलाय का ते. बाकी सगळं त्याच्या नंतर.

कायद्याने प्रवासी वाहनाच्या चालकाला दिवसाला ८ तास आणि आठवड्याला ४८ तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही, आणि सलग ५ तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती द्यावी लागते. आधी हे १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यात होतं, नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली आहे. सहलीचं वेळापत्रक आखताना आपण मुलांचं जेवण धरतो, शिक्षकांचा चहा धरतो, चालकाची झोप कोणीच धरत नाही. पहाटे ४ ला निघून रात्री ११ ला परत, असा कार्यक्रम एका चालकावर आखला तर तो शाळेनेच चुकीचा आखलेला असतो. एक तर दुसरा चालक घ्या, नाहीतर जवळचं ठिकाण निवडा.

एकदा गाडी वेळेवर आली, चालक नवा. डोळे लाल. मी सहज विचारलं, "काल कुठे होतात दादा?" म्हणाला, "वऱ्हाड सोडून थेट इकडेच." गाडीत अजून अक्षता पडलेल्या होत्या. मुलं दप्तरं घेऊन रांगेत उभी, पालक टाटा करायला थांबलेले, मुख्याध्यापक घड्याळाकडे बघतायत. आम्ही त्यांना शाळेच्या ग्रंथालयात सतरंजी घालून दिली आणि मालकाला दुसरा चालक पाठवायला सांगितलं. साडेतीन तास उशिरा निघालो. काही पालकांनी नंतर तक्रार केली. करू देत.

मुक्कामाच्या सहलीत चालकाची झोपायची सोय शाळेने करायची, गाडीतल्या मागच्या सीटवर नाही. जेवायला त्यांना आपल्याबरोबर बसवा. आणि रात्रीचा घाट नकोच. अंधार पडायच्या आत घाट उतरलेला हवा, असं वेळापत्रक उलटं मोजत या.

परवानग्या आणि कागद कोणते?

शिक्षण खात्याची परवानगी, पालकांची सही असलेली संमतीपत्रं, मुलांची यादी, सोबतच्या शिक्षकांची यादी, गाडीचे कागद. संमतीपत्रावर मुलाला कसली अ‍ॅलर्जी, दमा, फिट, चालू औषध आहे का, ही ओळ ठळक टाका. नुसतं 'प्रकृती ठीक आहे' कोणीही लिहितं.

याद्यांचे तीन संच: एक शाळेत, एक सहलप्रमुखाकडे, एक गाडीत. केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत १५ वर्षांखालच्या मुलांना तिकीट पडत नाही, म्हणून यादीत जन्मतारीख आणि वर शाळेचा शिक्का असू द्या. नववी-दहावीची मुलं उंच असतात आणि खिडकीवर वाद होतो.

किती मुलांमागे किती शिक्षक? आणि मोजणी कशी करता?

दहा मुलांमागे एक मोठं माणूस, मुली असतील तर शिक्षिका असायलाच हव्यात. आमच्या शिक्षिकेच्या पिशवीत सॅनिटरी पॅड आणि एक जादा सलवार असतेच. मुलींना हे आधी एकदा वेगळं बसवून सांगून ठेवा, म्हणजे ऐन वेळी कोणी कुढत बसत नाही.

मोजणीची गोष्ट सांगितली पाहिजे. देवगिरीच्या पार्किंगमध्ये संध्याकाळी मुलं मोजली, ४७ भरली. निघताना ४६ होती. एक कमी भरलं तर काळजाचं पाणी होतं, पण एक जास्त भरल्यावर काय करायचं ते कोणी शिकवलेलं नव्हतं. तीनदा मोजली, ४७च. शेवटी हजेरी घेतली तेव्हा मागच्या सीटवर एक मुलगा निवांत लाडू खात बसलेला सापडला. शर्ट पांढरा, चड्डी निळी, आमच्यासारखीच. शेजारच्या बसमधला होता आणि आमच्या मुलांनी त्याला जागाही करून दिली होती. त्याच्या बाई तोवर तिकीटखिडकीपाशी रडकुंडीला आल्या होत्या.

तेव्हापासून आम्ही नुसती डोकी मोजत नाही. पाच-सहा मुलांचा गट, गटाला नाव एखाद्या किल्ल्याचं, आणि गटप्रमुखाने "राजगड पूर्ण" असं ओरडायचं. गळ्यात शाळेच्या नावाचं रंगीत कार्ड, मागे सहलप्रमुखाचा मोबाइल नंबर. मुलाचं पूर्ण नाव कार्डावर दर्शनी बाजूला लिहू नका, अनोळखी माणसाने नावाने हाक मारली की मूल भुलतं.

गाडी लागणारी मुलं?

पुढच्या सीटवर, खिडकीशी. पोट रिकामं नको आणि तुडुंबही नको. गोळी द्यायची ती पालकांनी दिलेली आणि लिहून दिलेली. कागदी पिशव्या भरपूर. घाट लागायच्या आधी गाण्याच्या भेंड्या सुरू करा, अर्धी मुलं विसरतात.

डबे कुठे खायचे?

स्मारकात नाही. संरक्षित स्मारकाच्या आत, ठरवून दिलेली जागा सोडून, स्वयंपाक करायला आणि खायलाही मनाई आहे. १९५९ पासूनच्या नियमांत आहे हे. लेण्याच्या ओसरीत पंगत मांडून बसलेली शाळा दिसली की मला तिथल्या पहारेकऱ्याची दया येते. माकडं असतात ती वेगळीच. डबा खायची जागा आधी ठरवा, शक्यतो चढाईच्या आधी पोटाला थोडा आधार आणि उतरल्यावर जेवण. गडावर पाण्याची बाटली प्रत्येकाची आपली, आणि रिकामी बाटली परत खाली आलीच पाहिजे. आम्ही ती उतरताना गटाने मोजून घेतो.

संग्रहालयात मुलं कंटाळतात. काय करावं?

कारण आपण त्यांना पळवतो. रांगेत, हात मागे, "पुढे चला, पुढे चला." मोठ्या माणसालाही तसं काही दिसत नाही.

मुलांचं लक्ष पाऊण तास टिकतं असं धरा आणि दोनच दालनं निवडा. मुंबईचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय १९२२ मध्ये लोकांसाठी उघडलं. आख्खं बघायचं म्हटलं तर मोठ्यांचे पाय तुटतात. तिथे मुलांसाठी वेगळं संग्रहालयही आहे, शाळांनी आधी कळवून वेळ घ्यावी. पंधरा-वीस मुलांचे गट करा, एक गट आत, एक बागेत चित्र काढतोय, मग अदलाबदल.

पुण्याचं राजा दिनकर केळकर संग्रहालय मला शाळेसाठी सगळ्यात जास्त आवडतं, कारण तिथे राजेरजवाड्यांपेक्षा घरातल्या वस्तू जास्त आहेत. दिवे, कुलुपं, वाद्यं, भांडी, फण्या. एका माणसाने आयुष्यभर गावोगाव हिंडून जमवलेल्या, लहानपणीच गेलेल्या मुलाच्या नावाने ठेवलेल्या. अडकित्त्यांच्या कपाटासमोर आमची एक सातवीतली मुलगी खिळून उभी राहिली. घोड्याच्या आकाराचा, मोराच्या आकाराचा, माणसांच्या जोडीचा. म्हणाली, "बाई, हा आमच्या आजीच्या पानाच्या डब्यात आहे, पण साधा." मग तिने बाकीच्या पोरींना सुपारी कशी धरतात, कात्री आणि अडकित्त्यात फरक काय, हे सगळं शिकवलं. गाईड बाजूला उभा राहून ऐकत होता. त्या दिवशी आमची बाकीची दालनं राहिली, आणि मला त्याचं काही वाटलं नाही.

आत जाताना पिशव्या बाहेर ठेवायला लागतात, फ्लॅश चालत नाही. मुलांचे मोबाइल आम्ही घरीच ठेवायला लावतो. फोटो एकच शिक्षक काढतो आणि नंतर पालकांना देतो.

किल्ल्यावर आणि लेण्यांत मुलांना नेमकं काय दाखवायचं?

दाखवू नका, शोधायला लावा. प्रत्येक गटाला अर्ध्या पानाचा कागद, त्यावर तीन प्रश्न. पण उत्तर पाटीवर सापडेल असा एकही नको, नाहीतर सगळी पोरं पाटीसमोर गर्दी करून उतरवून घेतात आणि गड बघायचा राहतो.

देवगिरीला माझा एकच प्रश्न असतो: "तू शत्रूचा सेनापती आहेस. आत कसा शिरशील?" मग मुलं आपणहून बघायला लागतात. दारांवरचे अणकुचीदार खिळे हत्तीसाठी. दाराला लागूनच वळण, म्हणजे हत्तीला धाव घ्यायला जागाच नाही. पुढे खंदक, त्यावर एकच वाट, मग तासून गुळगुळीत केलेला कडा आणि शेवटी ती अंधारी, म्हणजे डोंगराच्या पोटातली काळोखी भुयारी वाट. अंधारीत वटवाघळांचा वास आणि पायऱ्या उंचसखल, तिथे प्रत्येक गटाबरोबर विजेरी असलेलं मोठं माणूस हवंच. वर आल्यावर एका मुलाने उत्तर दिलं होतं, "मी शिरणारच नाही. बाहेर बसून राहीन, आतलं धान्य संपेपर्यंत." पुढे वेढ्याचा पाठ शिकवायची मला गरजच पडली नाही.

वेरूळला ३४ लेणी आहेत. सगळी बघायची नाहीत. दहावं बौद्ध, सोळावं म्हणजे कैलास, आणि बत्तिसावं जैन. तीन धर्म, एकच डोंगर. बत्तिसावं जरा लांब पडतं, तेवढी चाल वेळेत धरा. कैलासापाशी प्रश्न: "हे बांधलंय की कोरलंय? आणि सुरुवात कुठून केली?" आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळातलं हे काम वरून खाली खोदत आणलंय. उलट्या कामाला आपण 'आधी कळस मग पाया' म्हणतो, इथे ते अक्षरशः तसं झालंय. मुलांना वरच्या कड्यावरून खाली बघू द्यायचं असेल तर कठड्याच्या आतूनच, आणि एका वेळी एकच गट.

अजिंठ्याला गाडी लेण्यांपर्यंत जात नाही. फाट्यावर उतरून तिथल्या बसने सुमारे ४ किलोमीटर पुढे जावं लागतं, परतीच्या रांगेचा वेळ धरा. चित्रं असलेल्या लेण्यांत चपला-बूट काढावे लागतात. १, २, १६ आणि १७ क्रमांकाच्या लेण्यांना प्रत्येक वेळी ४५ मुलांच्या नाड्या सोडून बांधायच्या म्हणजे तास गेला. त्या दिवशी सँडल किंवा पट्ट्याचे बूट. आत उजेड कमी असतो. डोळे सरावायला दोन मिनिटं गप्प उभं राहायचं, मग रंग दिसायला लागतात. हे मुलांना आधीच सांगितलं नाही तर "काहीच दिसत नाही" म्हणून ती बाहेर पडतात.

रायगडावर टकमक टोक आणि होळीचा माळ सगळेच दाखवतात. मी जगदीश्वराच्या देवळापाशी पायरीवरचा एक छोटा शिलालेख शोधायला लावते: 'सेवेचे ठायी तत्पर हिरोजी इंदुलकर'. गड बांधणाऱ्याने आपलं नाव पायरीवर का घातलं असेल? उत्तर कोणालाही चटकन देता येत नाही, आणि उतरेपर्यंत मुलं त्यावर बोलत राहतात. चढाईला जवळपास दीड हजार पायऱ्या आहेत. रोपवे घ्यायचा तर रांगेचा अंदाज घेऊनच.

नाणेघाटाला गणिताच्या शिक्षकांना घेऊन जा. सातवाहनांच्या लेण्यातल्या ब्राह्मी लेखात संख्या अंकांनी लिहिलेल्या आहेत, दोन हजार वर्षांपूर्वीच्या. बाहेर जकातीचा म्हणून सांगतात तो दगडी रांजण आहे. घाटमाथा, व्यापारी, टोल, हिशेब, सगळं एकाच जागी. त्याच दिवशी टोलनाका ओलांडून आलेल्या मुलांना ते फार पटकन कळतं.

गाईड घ्यावा का?

घ्या, पण आधी बोलून. "मुलं सातवीची आहेत, चाळीस मिनिटं, तारखा कमी" एवढं सांगा. दंतकथा सांगणारे गाईड रंगतदार असतात. त्यांना थांबवू नका, बसमध्ये परतताना "यातलं पुराव्याने काय सांगता येईल?" हा प्रश्न टाका.

भिंतीवर नावं कोरणं, मधमाश्या, आणखी काय धोके?

नावं कोरण्याबद्दल निघण्याआधीच स्पष्ट सांगा: केंद्रीय संरक्षित स्मारकाची नासधूस केली तर २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. खिशात खडू, मार्कर, कंपासपेटी नको. प्रश्नपत्रिकेसाठी पेन्सिल पुरते.

मधमाश्यांना कमी लेखू नका. कड्यांना मोठी पोळी असतात. अत्तर नको, आरडाओरडा नको, धूर नको आणि दगड तर मुळीच नको. माश्या उठल्या तर चेहरा झाकून, न ओरडता, आल्या वाटेने लांब जायचं. प्रथमोपचाराची पेटी गाडीत नाही, शिक्षकाच्या पाठीवर. १०८ आणि ११२ हे नंबर सगळ्या शिक्षकांना पाठ हवेत, पण गडावर रेंज नसते, म्हणून एक मोठं माणूस कायम गाडीपाशी ठेवा.

समुद्रातले किल्ले करावेत का?

सिंधुदुर्ग बघण्यासारखा आहेच. १६६४ मध्ये काम सुरू झालं, मालवणहून होडीने जायचं. पण पावसाळ्यात होड्या बंद असतात, भरती-ओहोटी बघावी लागते आणि प्रत्येक मुलाच्या अंगावर लाइफ जॅकेट हवं. होडीवाला "जवळच आहे" म्हणाला तरी. आणि पाण्यात उतरायचं नाही, घोट्यापर्यंतसुद्धा. २०१६ मध्ये मुरुडच्या किनाऱ्यावर सहलीला आलेले कॉलेजचे विद्यार्थी बुडाले, ती बातमी आठवणाऱ्या शिक्षकाला याहून वेगळं काही सांगायला नको. छोट्या वर्गांना मी नेत नाही.

काही मुलांना पैसे परवडत नाहीत. बसच परवडत नसेल तर?

पहिल्याचं उत्तर: वर्गात नावं वाचून "कोणाचे राहिलेत" असं विचारू नका. वर्गशिक्षकांना माहीत असतं. माजी विद्यार्थी, शिक्षकांची वर्गणी, यातून गुपचूप भागवा. सहलीनंतर जमाखर्च सूचनाफलकावर लावा, पुढच्या वर्षी मागायला तोंड राहतं.

दुसऱ्याचं: मुंबईच्या वस्तुसंग्रहालयाने २०१५ मध्ये 'म्युझियम ऑन व्हील्स' सुरू केलं. बसमध्येच मांडलेलं प्रदर्शन शाळेच्या दारात येतं, विचारून बघा. आणि तेही नाही जमलं तर गावाबाहेरच्या देवळापाशी चालत जा. वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या आठवणीची कोरीव शिळा, असतेच कुठेतरी शेंदूर फासलेली. खालच्या चौकटीत लढाई आणि पडलेला वीर, मधे अप्सरा त्याला वर नेतायत, वरच्या चौकटीत तो शिवलिंगाची पूजा करतोय, माथ्यावर चंद्र-सूर्य. खालून वर वाचायचं चित्रकथेचं पान आहे ते. आमच्या मुलांनी त्याच्यावर रोज बसून डबा खाल्ला होता, पण वाचलं नव्हतं.

परत आल्यावर 'आमची सहल' निबंध लिहायला द्यावा का?

नको हो. सगळे "आम्ही पहाटे चार वाजता उठलो" पासून सुरू होतात आणि "थकून झोपी गेलो" वर संपतात. त्याऐवजी एकच पान द्या: पाहिलेली एक वस्तू काढा आणि ती कशी चालते ते लिहा. अडकित्ते आले, देवगिरीचं दार आलं, नाणेघाटाचा रांजण आला. एका मुलाने आमच्या बसचं मागचं आपत्कालीन दार काढलं, कडीला बाण दाखवून खाली लिहिलं, "आधी वर, मग बाहेर ढकला." मी त्याला पैकीच्या पैकी गुण दिले. मराठीच्या बाईंनी विषय सोडून लिहिलं म्हणून दोन कापले.